आपत्तीनंतरचा पहिला महिना: मनाच्या आजारांवरचे उपचार लोकांपर्यंत पोहोचवायचे कसे?

कंदील
पूर असो, भूकंप असो की युद्धामुळे झालेलं विस्थापन, मदतीच्या यादीत 'समुपदेशक पाठवा' ही ओळ हमखास असते. ते पोहोचल्यावर नेमकं काय करणार, हे मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

चर्चेसाठी 10,000 लोकांची छावणी धरू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत कुठल्याही वेळी सुमारे 22.1 टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार असतो आणि 5.1 टक्क्यांचा आजार तीव्र असतो. (हा आकडा संघर्षाचा आहे, पुराला तसाच्या तसा लावू नये.) तरी हिशोब करून पाहा. 510 तीव्र आजारी, पहिल्या भेटीला प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे 255 तास. एक मनोविकारतज्ज्ञ रोज 6 तास बसला तरी नुसत्या पहिल्या भेटी संपायला कामाचे 42 दिवस जातात. दुसरी भेट कधी, हा प्रश्न पुढेच राहिला.

तज्ज्ञ आणून बसवला की झालं, असं होत नाही हे उघड आहे. मग क्रम काय असावा? जाणकारांनी पद्धत लिहावी, अनुभवकथन नको.

औषधपेढी
सगळ्यात आधी ज्यांची गोळी तुटली आहे ते लोक शोधा. आपत्तीने नव्याने आजारी पडलेल्यांपेक्षा आधीपासून औषधावर असलेल्यांचा धोका पहिल्या आठवड्यात कितीतरी जास्त असतो. त्यांचं घर गेलं, त्याबरोबर गोळ्यांचं पाकीट आणि चिठ्ठी दोन्ही गेलं. हे लोक स्वतःहून रांगेत येत नाहीत.

कुठली गोळी तुटल्यावर काय होतं, ते नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याला माहीत हवं:

आकडीची औषधं: अचानक बंद झाली की एकामागून एक, न थांबणाऱ्या आकड्या येऊ शकतात. जीव जातो. हे पहिल्या क्रमांकावर.

झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या (डायझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे): कित्येक महिने रोज घेणाऱ्याची गोळी एकदम सुटली तर यातही आकडी येते.

क्लोझापिन (भ्रमाच्या आजारांवरचं औषध): 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर जुन्या मात्रेवर परत जायचं नाही. 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळतो. 'माझी गोळी 300 ची होती' असं रुग्ण अगदी बरोबर सांगतो आणि देणारा ती देऊन मोकळा होतो. चूक होते ती इथे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. छावणीत सिगारेट मिळेनाशी झाली की क्लोझापिनची रक्तातली पातळी वाढते, कारण तंबाखूचा धूर ते औषध शरीरातून लवकर बाहेर काढत असतो. गुंगी, लाळ, फार झोप दिसली तर 'धूम्रपान कधी बंद झालं?' हे विचारा.

लिथियम (बायपोलर म्हणजे मन टोकाला जाण्याच्या आजारावरचं औषध): इथे औषध तुटण्याइतकाच धोका ते चालू राहण्यातही आहे. पाणी कमी, ऊन, जुलाब यांनी लिथियम अंगात साठतं. त्यात अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं की भर पडते. हातांची ठळक थरथर, चालताना झोक जाणं, जुलाब, बोलणं जड होणं ही विषबाधेची खूण आहे. औषध थांबवा, पाणी द्या, रक्ततपासणी होईल अशा ठिकाणी हलवा.

नैराश्यावरची औषधं: पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन सुटलं की दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. फ्लुओक्सेटिन शरीरात जास्त काळ टिकतं, त्यामुळे तिथे थोडी उसंत मिळते.

मेथाडोनवर (अफू-हेरॉइनच्या व्यसनावरचं औषध) असलेल्यांचा तीन दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर जुनी मात्रा देऊ नका. सहनशक्ती उतरलेली असते.

नाव आठवत नसेल तर 'गोळी कशी दिसायची, दिवसातून कितीदा, रक्त तपासायला लागायचं का, महिन्याला इंजेक्शन होतं का' हे चार प्रश्न पुरतात. रक्त तपासायचे म्हटलं की बहुधा लिथियम किंवा क्लोझापिन. दोन ते चार आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन म्हटलं की तारीख काढून यादीत लिहा, कारण त्या माणसाचा आजार लगेच उसळत नाही आणि म्हणूनच तो राहून जातो.

पाणवठा
औषधपेढींना +१. पण माझा क्रम त्यांच्याही एक पायरी खाली सुरू होतो.

आंतरसंस्था स्थायी समितीने (संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांची समन्वय समिती) 2007 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात चार थरांचा मनोरा आहे. तळाला मूलभूत सेवा आणि सुरक्षितता, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, मग तज्ज्ञ नसलेल्या पण शिकवलेल्या माणसांची नेमकी मदत, आणि टोकाला तज्ज्ञ. बहुतेक ठिकाणी पैसा टोकावर खर्च होतो आणि तळ पाणी-शौचालयवाल्यांचं काम म्हणून सोडून दिला जातो.

स्फिअरच्या (मदतकार्याची किमान मानकं ठरवणारा आंतरराष्ट्रीय उपक्रम) किमान मानकांत माणशी रोज 15 लिटर पाणी आणि 3.5 चौरस मीटर निवाऱ्याची जागा सांगितली आहे. हे आकडे मनाच्या तब्येतीचेही आहेत. शौचालय अंधारात असेल, आतून कडी नसेल, तर बायका संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडतात आणि रात्रभर जाग्या राहतात. आठ दिवसांनी त्यांना 'झोप लागत नाही' म्हणून समुपदेशनाला पाठवलं जातं. तिथे उपाय म्हणजे कडी आणि दिवा.

तळाच्या थरातल्या तीन गोष्टी मनोसामाजिक पथकानेच धसाला लावाव्यात:

1. माहिती. शिधा कधी, यादी कुठे, परत जायला कधी मिळणार. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, त्याच माणसाने सांगायचं. नवीन काही नसेल तर 'आज नवीन काही नाही' हेही सांगायचं. घोषणा चुकली की तासाभरात अफवा सुरू होते.

2. ताटातूट झालेल्यांचा शोध. एकटं सापडलेलं मूल घाईने दुसऱ्या गावच्या संस्थेत हलवू नका. नोंद करा आणि शक्य तितकं त्याच परिसरात, ओळखीच्या मोठ्या माणसाजवळ ठेवा.

3. मृतदेह. रोगराई पसरेल या भीतीने ओळख न पटवता घाईने सामूहिक दफन होतं. आपत्तीत जखमांनी गेलेल्यांच्या देहांमुळे सहसा साथ पसरत नाही. पण फोटो, खुणा, अंगावरच्या वस्तू यांची नोंद न करता पुरलं तर घरच्यांना ना अंत्यविधी करता येतो ना वाट पाहणं सोडता येतं. हे दुःख पुढे कुठल्याही गोळीने हलत नाही.

अनामिका२
एक विचारते. पहिल्या दोन-तीन दिवसांत लोकांना गोलात बसवून 'काय घडलं ते सगळं सांगा, मन मोकळं करा' अशी सत्रं घेतात. त्यात चूक काय? बोलल्याने हलकं वाटतंच ना?

चौथा_प्रहर
अनामिका२, स्वतःहून बोलावंसं वाटलं तर हलकं वाटतं. दुसऱ्याने खोदून काढलं तर नाही. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं उगाळून घेण्याची ही पद्धत पूर्वी सर्रास वापरली जायची. 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) तिने पुढचा आघातजन्य तणावविकार टळत नाही असं दिसलं, आणि एका अभ्यासात तर वर्षभरानंतर त्या लोकांची स्थिती अशा बैठकीला न बसवलेल्यांपेक्षा वाईट होती. आता ती करू नये अशीच शिफारस आहे. गोलात बसवण्याचा आणखी एक तोटा असा की, ज्याने काही पाहिलंच नव्हतं त्याला शेजारच्याचं ऐकून नवी दृश्यं मिळतात.

त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार. 2011 च्या मार्गदर्शिकेत तीन शब्द आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. प्रत्यक्षात ते असं दिसतं. बाई भिंतीला टेकून बसली आहे, हातात ओला टॉवेल घट्ट धरलाय. तुम्ही शेजारी, किंचित तिरके, तिच्याच उंचीवर बसता. नाव सांगता, कुठल्या पथकाचे ते सांगता. 'आत्ता कशाची गरज आहे?' इतकंच विचारता. ती म्हणते, मोठ्या मुलाचा पत्ता नाही. आता तुमचं काम तिला रडवणं किंवा शांत करणं नव्हे. शोधनोंदणीच्या टेबलापर्यंत तिच्याबरोबर चालत जायचं, अर्ज लिहून होईपर्यंत थांबायचं आणि पुढची खबर कुठे, कधी मिळेल ते कागदावर लिहून द्यायचं. 'सगळं ठीक होईल', 'देवाची इच्छा', 'तुम्ही तरी वाचलात' ही तीन वाक्यं बोलायची नाहीत.

पहिल्या महिन्यात झोप न येणं, दचकणं, तीच दृश्यं दिसणं, मुलांनी पुन्हा अंथरूण ओलं करणं हे बहुतेकांच्या बाबतीत ओसरतं. आघातजन्य तणावविकाराचं निदान लक्षणं महिनाभर टिकल्याशिवाय करताच येत नाही. म्हणून पाचव्या दिवशी प्रश्नावली वाटून 'इतके टक्के लोकांना विकार' असे आकडे काढू नयेत. त्या आकड्यांवर पुढचे पैसे ठरतात आणि चुकीच्या जागी जातात.

मात्र काही लोक थांबू शकत नाहीत. जीव देण्याचं बोलणारे, स्वतःची किंवा मुलांची काळजी घेणं पूर्ण सुटलेले, भ्रम होणारे, आकडी येणारे, आणि लैंगिक अत्याचार झालेले. शेवटच्या गटात घड्याळ चालू असतं: एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, गर्भनिरोधक गोळी 120 तासांच्या आत. म्हणजे समुपदेशकाची वेळ मिळेपर्यंत वाट पाहणं हीच हानी.

औषधपेढी
चौथा_प्रहर यांच्या यादीत एक भर: दारू तुटलेले. छावणीत दारू मिळत नाही. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ. साधारण 48 तासांपर्यंत आकडी. 48 ते 96 तासांच्या सुमारास काहींना तीव्र भ्रम, ताप, समोर नसलेले किडे दिसणं. आपत्तीच्या तिसऱ्या दिवशी असा माणूस आला की सगळे 'धक्का बसला' म्हणतात. रोजची दारू होती का, हे घरच्यांना बाजूला घेऊन विचारा. थायमिन (ब1 जीवनसत्त्व) आधी, ग्लुकोज नंतर, आणि डायझेपाम देखरेखीखाली. तसंच, अचानक भ्रमिष्ट झालेल्या कुणाचाही ताप, साखर आणि पाण्याचं प्रमाण पाहिल्याशिवाय 'मनाचा' शिक्का मारू नका.

उलट, धक्क्यात असलेल्या किंवा माणूस गमावलेल्या प्रत्येकाला झोपेची गोळी वाटणं थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेची 2013 ची शिफारस स्पष्ट आहे: पहिल्या महिन्यातल्या ताणाच्या लक्षणांसाठी बेन्झोडायझेपाइन (डायझेपाम, अल्प्राझोलाम यांचा गट) नको. आकडी आणि दारू सोडतानाची लक्षणं यांसाठी ती जपून ठेवावी, साठा तेवढाच असतो.

साठ्याबद्दल. आंतरसंस्था आणीबाणी आरोग्य संच (आपत्तीत पाठवायची औषधं-साहित्याची तयार खोकी) साधारण 10,000 लोकांना 3 महिने पुरेल असा बांधलेला असतो. मनोविकारांसाठी त्यात हॅलोपेरिडॉल (भ्रमावरचं), बायपेरिडेन (हॅलोपेरिडॉलच्या दुष्परिणामांवरचं), अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं), डायझेपाम, फेनोबार्बिटाल (आकडीवरचं) अशी मोजकी औषधं असतात. लिथियमची अपेक्षा धरू नका, ते वेगळं मागवावं लागतं.

फसतं ते दोन जागी. डायझेपाम आणि फेनोबार्बिटाल 1971 च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहेत, म्हणून आयात परवान्याअभावी संचातला तेवढाच भाग सीमेवर अडकतो. आणीबाणीत ही प्रक्रिया सोपी करण्यासाठी 1996 पासून आदर्श नियमावली आहे. तिचा आधार घेऊन औषध नियंत्रण खात्याशी पत्रव्यवहार संच निघण्याआधी करायचा, अडकल्यावर नाही. दुसरं, हॅलोपेरिडॉल येतं पण बायपेरिडेन दुसऱ्या खोक्यात राहतं. मग इंजेक्शननंतर काही तासांत तरण्या मुलाची मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो. घरचे म्हणतात, औषधाने आणखी बिघडला, आणि त्याला घेऊन जातात. बायपेरिडेनचं इंजेक्शन दिलं की हे थोड्याच वेळात उतरतं. दोन्ही खोकी एकाच कपाटात, शेजारी शेजारी ठेवा.

मागणी काढताना: आकडीचा चालू आजार साधारण हजारी 4 ते 10 लोकांना असतो. 10,000 मध्ये 60 धरा. फेनोबार्बिटालच्या रोज 60 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, 90 दिवस: 60 × 2 × 90 = 10,800 गोळ्या. हा आकडा लिहून मागितल्याशिवाय कुणी पाठवत नाही.

आणि आकडी चालू असताना डायझेपाम स्नायूत टोचू नका, शोषण बेभरवशाचं असतं. शिरेतून सावकाश किंवा गुदमार्गे, मोठ्या माणसाला 10 मिलिग्रॅम. स्नायूत द्यायचं तर मिडाझोलाम. लोराझेपामच्या कुप्यांना थंडावा लागतो, फ्रीज नसेल तर तो साठा धरूच नका.

सेतू
भाषेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. विस्थापितांची भाषा आणि पथकाची भाषा वेगळी असली की दुभाषी लागतो, आणि घाईत घरातल्या बारा वर्षांच्या मुलीला उभं करतात. आईच्या तोंडून मरायचं बोलणं मुलीने भाषांतरित करायचं? कधीही नाही. नवऱ्यालाही नाही.

बसायची रचना त्रिकोणी ठेवा: दुभाषी थोडा मागे, रुग्ण आणि विचारणारा एकमेकांना थेट दिसतील असे. विचारणारा रुग्णाकडे पाहून 'तुम्हाला' म्हणून बोलतो, दुभाष्याला 'त्यांना विचारा' म्हणत नाही. एका दमात दोनच वाक्यं. दुभाष्याने 'मी' म्हणूनच भाषांतर करायचं, सारांश द्यायचा नाही. भ्रमातलं असंबद्ध बोलणं तो सवयीने नीट करून सांगतो, आणि निदानाची खूणच पुसली जाते. म्हणून आधी दहा मिनिटं बसून सांगायचं: तुटक असेल तर तुटकच सांगा.

'नैराश्य' हा शब्द विचारू नका. बहुतेक जण अंग सांगतात: छाती भरून येते, डोकं जड, हातापायांत जीव नाही. झोप, भूक, आणि 'कालची कामं झाली का?' इथून सुरुवात करा. दुभाषीही त्याच आपत्तीतून आलेला असतो, हे लक्षात ठेवून दिवसाला त्याच्या भेटींची मर्यादा ठरवा.

जागेचंही तसंच. तंबूवर 'मानसिक रुग्ण कक्ष' अशी पाटी लावली की कुणी फिरकत नाही. सर्वसाधारण दवाखान्यातच एक कोपरा, तीच रांग, तोच केसपेपर. कापडी भिंतीतून आवाज जातो, तेव्हा पलीकडच्या बाजूला प्रतीक्षेची बाकं नकोत.

पाणवठा
मनोरुग्णालयं, वृद्धाश्रम, गतिमंदांच्या निवासी संस्था पहिल्या दोन दिवसांत स्वतः जाऊन बघा. कर्मचारी घर वाचवायला गेलेले असतात, आत कुलूप असतं. कुणी मदतीसाठी फोन करत नाही. अन्न, पाणी, औषध, बाहेर पडायचा रस्ता आणि रुग्णांच्या नावांची यादी, इतकं पहिल्या फेरीत. स्थलांतर करायचं तर फाइलसकट, नाहीतर तो माणूस पुढे अनोळखी म्हणून नोंदला जातो आणि घरच्यांना सापडत नाही.

कंदील
आता मधला थर. तज्ज्ञ नसलेल्या माणसांकडून किती काम होऊ शकतं?

चौथा_प्रहर
बरंच, पण हिशोबाने. जागतिक आरोग्य संघटनेचा 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' हा कार्यक्रम पाच आठवड्यांचा आहे, दर आठवड्याला 90 मिनिटांची एक भेट. ताण आवरणं, अडचणी सोडवणं, सुटलेली कामं पुन्हा सुरू करणं, माणसांचा आधार वाढवणं एवढंच शिकवतात. एक मदतनीस दिवसाला 3 भेटी, आठवड्याला 5 दिवस धरला तर एका वेळी 15 जण. आठ मदतनीस, पाच आठवडे, 120 लोक. 'सेल्फ हेल्प प्लस'मध्ये ध्वनिफितीवर पाच सत्रं असतात आणि एका गटात 30 जणांपर्यंत बसतात, त्यामुळे सौम्य ताणासाठी ते लवकर पसरतं. तीव्र आजार, भ्रम किंवा जीव देण्याचा ठरवलेला बेत असेल तर या दोन्हींत बसवायचं नाही, थेट वर पाठवायचं.

डॉक्टर-परिचारिकांसाठी 2015 ची मानवतावादी आणीबाणीसाठीची एमएचगॅप (जागतिक आरोग्य संघटनेचा, तज्ज्ञ नसलेल्यांकडून मानसिक आजारांवर उपचार करवून घेण्याचा कार्यक्रम) मार्गदर्शिका आहे. ती हातात ठेवून साधा वैद्यकीय अधिकारी बहुतेक रुग्ण सांभाळू शकतो.

बिघडतं ते देखरेखीअभावी. दोन दिवसांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र, फोटो, आणि नंतर कुणी विचारत नाही. तिसऱ्या आठवड्यात मदतनीस सल्ले द्यायला लागतो, मग रुग्णाला स्वतःचा फोन नंबर देतो, मग थकून येणंच बंद करतो. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी गटाने बसून प्रत्येक केसवर बोलणं याला पैसे आणि वेळ आधीच राखून ठेवला नसेल तर प्रशिक्षण घेऊच नका, असं माझं ठाम मत आहे.

अनामिका२
फोनवरून समुपदेशन हा पर्याय का नाही?

सेतू
आहे, पण दुसऱ्या आठवड्यानंतर. आधी नेटवर्क आणि चार्जिंग हवं. फोन बहुधा घरात एकच आणि तोही पुरुषाच्या हातात. दोन नियम पाळा: फोन आपण करायचा, खर्च त्यांचा नको, आणि सुरुवातीला 'आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?' असा हो-नाही उत्तराचा प्रश्न. 'नाही' आलं तर औषधाची तारीख विचारून ठेवायचा.

औषधपेढी
शेवटचं माझ्याकडून, नोंदवहीबद्दल. विस्थापितांच्या दवाखान्यांत सात रकान्यांची सोपी पद्धत वापरतात: आकडी, दारू व व्यसन, बौद्धिक अक्षमता, भ्रमाचे आजार, तीव्र भावनिक आजार, कारण न सापडणाऱ्या शारीरिक तक्रारी, आणि इतर मानसिक तक्रारी. रोजच्या नोंदीत यातला एक रकाना भरायचा. महिन्याअखेरीस आकडीचा रकाना रिकामा दिसला तर आजार नाही असं समजू नका, ते लोक अजून तंबूतच आहेत. कार्यकर्त्यांना पाठवा.

पाणवठा
पुढच्या टप्प्याबद्दल थोडं. 2004 च्या त्सुनामीपूर्वी श्रीलंकेत 27 पैकी 10 जिल्ह्यांत मनोविकार सेवेची व्यवस्था होती, पुढे ती 20 जिल्ह्यांत झाली. आपत्तीत आलेला पैसा तंबूंत न घालता जिल्हा दवाखान्यांच्या पदांत आणि औषधांच्या कायम तरतुदीत गेला की हे होतं. त्यासाठी पहिल्याच महिन्यात आरोग्य खात्याचा माणूस समन्वय बैठकीच्या अध्यक्षपदी बसवा, आणि कोण, कुठे, केव्हा, काय करतंय याचा एकच तक्ता ठेवा.

चौथा_प्रहर
आणि पथक निघतं तेव्हा रुग्णाच्या हातात काय उरतं ते बघा. नैराश्याचं औषध सुरू केलं असेल तर बरं वाटल्यावरही 9 ते 12 महिने चालवावं लागतं. तीन महिन्यांची छावणी असेल तर ते सुरू करण्याआधीच पुढचा दवाखाना ठरलेला हवा. निघताना प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कार्ड: औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नाही), मात्रा, कधीपासून, एकदम बंद केल्यास काय होईल, पुढचा दवाखाना आणि तारीख. त्याच्या भाषेत एकदा, डॉक्टरांना कळेल अशा भाषेत एकदा. सोबत किमान महिन्याभराच्या गोळ्या. जीव देण्याचा धोका असेल तर आठवड्याच्या, आणि त्याही घरच्या माणसाच्या हातात.

कंदील
कार्डाचा नमुना करून इथेच टाकतो. औषधपेढी, 'बंद केल्यास काय होईल' हा रकाना तुम्ही भरून द्याल का? क्लोझापिन आणि लिथियमपासून सुरू करू.